फाजल अली: आयोगाच्या नावामागचा माणूस

आमची एक जुनी विद्यार्थिनी जळगावच्या एका अभ्यासिकेत रोज संध्याकाळी बसते. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मग बारावी झाली आणि आता कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. जोडीला स्पर्धा परीक्षेची तयारीही चालूच आहे. गेल्या सुट्टीत घरी आली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "टीचर, फाजल अली आयोग, नेमणूक १९५३, सदस्य कुंझरू आणि पणिक्कर, अहवाल १९५५. एवढं पाठ आहे. पण हे फाजल अली होते कोण? अभ्यासिकेत मी विचारलं तर पोरं हसायला लागली. म्हणे, नावातच फाजीलपणा आहे."

हसू आम्हालाही आलं. मराठीत आपण फाजील लाड म्हणतो, फाजील आत्मविश्वास म्हणतो. उर्दूत फाझिल म्हणजे विद्वान, पढलेला माणूस. आणि या गृहस्थांचं नाव मुळात फज्ल, म्हणजे कृपा, मेहेरबानी. एकाच अरबी मुळाचे हे शब्द, पण मराठीत येता येता त्यांची अशी काही उलथापालथ झाली की कुणाला दोष द्यावा कळत नाही. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे प्रसंग फार येतात.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. वीस वर्षं आम्ही वर्गात राज्य पुनर्रचनेचा धडा शिकवतो. 'अध्यक्ष, न्यायमूर्ती सय्यद फाजल अली' असं फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. म्हणून त्या सुट्टीत जे मिळालं ते वाचत बसलो. शोध घ्यायला निघालो होतो राज्यांच्या सीमांचा, आणि जाऊन पोचलो थेट मुंबईच्या बंदरात, आरमाराच्या जहाजांवर.

खानदेशाला समुद्र नाही. आपली तापी सुरतेकडे जाते आणि तिथून पुढे समुद्राला मिळते, एवढंच आपलं आणि समुद्राचं नातं. मोगलांच्या काळात बऱ्हाणपूरचं कापड याच वाटेने सुरतेला उतरायचं आणि हाजीही सुरतेहूनच जहाजात चढायचे. आमच्या आजोबांनी समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईहून जहाजाने हजला गेले तेव्हा. परत आल्यावर कित्येक वर्षं ते मक्का-मदिनेइतकंच त्या जहाजाविषयी बोलत. खलाशी किती कष्ट करतात, उन्हात तापलेल्या पत्र्यावर अनवाणी कसे चालतात, त्यांना जेवायला काय मिळतं. १९९५ नंतर हजची जहाजं बंद झाली आणि त्या गोष्टीही सरल्या. फाजल अलींची हकीकत वाचताना आम्हाला आजोबांचे ते खलाशी आठवले.

सय्यद फज्ल अली यांचा जन्म १९ सप्टेंबर १८८६ चा, बिहारमधल्या घराण्यातला. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले, पाटण्याला वकिली केली. १९२८ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९४३ मध्ये तिथलेच मुख्य न्यायाधीश. इथपर्यंतचं आयुष्य त्या काळच्या कुठल्याही मोठ्या न्यायाधीशाचं असावं तसंच. ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो ती १९४६ साली मुंबईत घडली.

कुलाब्याला 'तलवार' नावाचं आरमाराचं ठाणं होतं. जहाज नव्हे, जमिनीवरचं ठाणं. तिथे बिनतारी संदेश पाठवण्याचं शिक्षण दिलं जाई. दुसरं महायुद्ध संपलं होतं. युद्धाच्या काळात आरमारात भराभर भरती झाली होती. त्याआधी या आरमारात रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान पोरं फार असायची, पिढीजात दर्यावर्दी. युद्धात मात्र पंजाबपासून मद्रासपर्यंतची, शाळा-कॉलेजात शिकलेली मुलं आली. भरतीच्या वेळी त्यांना मोठमोठी स्वप्नं दाखवली गेली होती. हातात आलं काय? गोऱ्या खलाशाला एक पगार, काळ्याला दुसरा. गोऱ्याला वेगळं जेवण, काळ्याला खड्यांचा भात आणि पाण्यासारखी डाळ. त्यावर अधिकाऱ्यांच्या तोंडी आई-बापांचा उद्धार करणाऱ्या शिव्या. तलवारचा प्रमुख कमांडर किंग या बाबतीत विशेष नावाजलेला होता.

बलाई चंद दत्त नावाच्या एका तरुण नौसैनिकाने भिंतीवर 'भारत छोडो'च्या घोषणा लिहिल्या आणि त्याला अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी तलवारवरच्या पोरांनी जेवणाला हात लावायला नकार दिला. उपवासाने सुरू झालेली ही गोष्ट दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवर पसरली, मग कराचीला पोचली, कलकत्त्याला, मद्रासला, विशाखापट्टणमला. जहाजांवरचा इंग्रजी झेंडा उतरला आणि त्या जागी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एका काठीवर चढले. संपाची मध्यवर्ती समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. मागण्यांच्या यादीत समान पगार आणि बरं जेवण तर होतंच, शिवाय आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियात पाठवलेलं हिंदी सैन्य परत बोलवावं अशीही मागणी होती. विशी-बाविशीतली ही पोरं!

२१ तारखेला कॅसल बरॅक्सपाशी गोळीबार झाला. आरमारप्रमुख गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की गरज पडली तर सगळं आरमार बुडवू. मुंबईकर गेटवेवर जेवणाच्या पाट्या घेऊन उभे राहिले. इराण्यांच्या हॉटेलातून पाव आला, घराघरांतून फळं आणि भाकऱ्या आल्या. २२ तारखेला मुंबईचा गिरणगाव रस्त्यावर उतरला. शहरात लष्कराच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक माणसं मेली. सरदार पटेलांनी खलाशांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, जीना साहेबांनीही तेच सांगितलं. २३ तारखेच्या सकाळी जहाजांवर काळे झेंडे लागले आणि सगळं संपलं. कुणावर सूड उगवला जाणार नाही असा भरवसा दिला गेला होता. तरी शेकडो पोरांना नोकरीतून काढलं, अनेकांना छावण्यांत डांबलं आणि मग गाडीत बसवून गावी धाडून दिलं. स्वतंत्र भारताच्या आरमारानेही त्यांना परत घेतलं नाही, आणि पाकिस्तानच्याही नाही.

इथे लष्करी कायद्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्या विद्यार्थिनीला नेमकं तेच हवं होतं. गिरणीतल्या कामगाराने काम बंद केलं तर त्याला संप म्हणतात. अंगावर गणवेश असलेल्याने तेच केलं तर कायद्याच्या भाषेत ते बंड ठरतं, आणि बंडाला देहांतापर्यंत शिक्षा असू शकते. त्याचा खटला नेहमीच्या कोर्टात चालत नाही, कोर्ट मार्शलपुढे चालतो. तिथे निकाल देणारे स्वतः लष्करी अधिकारी असतात. त्यांच्या शेजारी कायदा जाणणारा एक माणूस बसतो, त्याला जज ॲडव्होकेट म्हणतात. कायदा काय म्हणतो हे तो सांगतो, पुराव्याविषयी सल्ला देतो, पण दोषी की निर्दोष यावर त्याला मत नसतं. म्हणजे लष्करी वकिलाची खुर्ची मोठी चमत्कारिक. एका बाजूला शिस्त, दुसऱ्या बाजूला इन्साफ, आणि हा मध्ये.

फेब्रुवारीतल्या त्या पाच दिवसांनंतर सरकारने जी चौकशी समिती नेमली तिची रचनाही अशीच मधली होती. पाच माणसं. दोन गणवेशातले: व्हाइस ॲडमिरल पॅटरसन आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत नाव काढलेले मेजर जनरल रीस. तीन न्यायाधीश: कोचीनचे कृष्णस्वामी अय्यंगार, लाहोरचे मेहरचंद महाजन, आणि अध्यक्षस्थानी पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फज्ल अली. महाजन हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. पुढे बेळगावच्या प्रश्नावर ज्यांच्या अहवालाने महाराष्ट्राची निराशा केली तेच हे महाजन.

वेळ कोणती होती हे लक्षात घ्या. १९४६ चा उन्हाळा. देशाचं काय होणार, किती तुकडे होणार, याची बोलणी चाललेली. प्रत्येक मुसलमान मोठ्या माणसाकडे दोन्ही बाजू एकाच नजरेने बघत: हा कुणाचा? वर इंग्रज सरकारची नेमणूक. आरमाराच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हवं होतं की सगळा दोष 'बाहेरच्या चिथावणी'वर, राजकारण्यांवर, आझाद हिंदच्या हवेवर टाकावा. म्हणजे स्वयंपाकघरातल्या खड्यांविषयी आणि शिव्यांविषयी कुणी विचारणार नाही.

समितीने साक्षी घेतल्या. ठरलेल्या पोटभर उत्तरावर ती थांबली नाही. तिचा निष्कर्ष असा होता की बंड आधी कट करून रचलेलं नव्हतं. त्याचं मूळ नोकरीतल्या गाऱ्हाण्यांत होतं: पगार, जेवण, बढती, युद्ध संपल्यावर घरी सोडण्यातली दिरंगाई, आणि गोऱ्या-काळ्यांतला भेद. राजकीय वातावरणाने त्यात तेल ओतलं, पण लाकडं आधीच रचलेली होती. लक्षात घ्या, सहीमध्ये एक ॲडमिरल आणि एक जनरलही होते.

त्या पोरांना या अहवालाने काय दिलं? नोकऱ्या तर परत मिळाल्या नाहीत. पण सरकारनेच नेमलेल्या, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या समितीने लिहून ठेवलं की त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. आमच्या मते ही लहान गोष्ट नाही. शाळेत रोज पाहतो. मुलाला शिक्षा झाली तरी तो सोसतो, पण 'तू खोटं बोलतोस' हे त्याला सोसवत नाही. कुलाब्यात आता त्या उठावाचं स्मारक आहे. मुंबईला गेलात तर गेटवेवरून थोडं पुढे जाऊन ते बघून या. आम्ही सहल नेली होती, मुलांना हाजी अलीची घाई होती, तरी दहा मिनिटं थांबवलं.

फाळणी झाली. फज्ल अली इथेच राहिले. १९४७ च्या जूनमध्ये ते दिल्लीच्या फेडरल कोर्टावर आले आणि २६ जानेवारी १९५० ला सर्वोच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा त्याच्या पहिल्या सहा न्यायाधीशांत ते होते. महाजनही होते. आरमाराच्या चौकशीत शेजारी बसलेले दोघे पुन्हा एका बाकावर आले.

चार महिन्यांतच ए. के. गोपालन यांचा खटला उभा राहिला. केरळचे हे कम्युनिस्ट पुढारी १९४७ पासून कुठल्या ना कुठल्या आदेशाखाली तुरुंगातच होते, आणि आता नव्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली. प्रश्न सोपा आणि भयंकर होता. घटनेच्या एकविसाव्या कलमात म्हटलंय की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. मग संसदेने कायदा करून कसलीही पद्धत ठरवली तर ती चालेल काय? १९ मे १९५० ला निकाल आला. कैद्याला कोठडीत का ठेवलं ती कारणं कोर्टापुढेही उघड करायची नाहीत, हे एक कलम सगळ्यांनी मिळून रद्द केलं. पण बाकी कायदा बहुमताने उचलून धरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की संसदेने कायदा केला, पद्धत लिहिली, विषय संपला.

फज्ल अलींनी वेगळा निकाल लिहिला. पद्धत म्हणजे नुसता कागद नव्हे, असं त्यांनी म्हटलं. आरोप काय आहे ते माणसाला कळलं पाहिजे, त्याला बोलायची संधी मिळाली पाहिजे, ऐकणारा निःपक्षपाती असला पाहिजे आणि कामकाज ठराविक रीतीने चाललं पाहिजे. या चार गोष्टी नसतील तर ती कायद्याची पद्धत होत नाही. शिवाय मूलभूत हक्कांची कलमं वेगवेगळ्या कपाटांत बंद केल्यासारखी वाचता येत नाहीत, ती एकमेकांत मिसळलेली आहेत, असंही त्यांचं म्हणणं होतं. हे मत तेव्हा अल्पमतात राहिलं. वीस वर्षांनी, १९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात, अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचा तो जुना विचार सोडून दिला. आणि २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी एकविसाव्या कलमाचा जो अर्थ लावला, तो फज्ल अलींच्या वाटेनेच जाणारा होता. त्या सात जणांत एक यशवंतराव चंद्रचूड होते. आणखी एक होते न्यायमूर्ती मुर्तझा फज्ल अली. सय्यद फज्ल अलींचे चिरंजीव. वालिद जाऊन तोवर अठरा वर्षं झाली होती.

हे वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो.

पण थांबा. त्यांना निव्वळ नागरिकांचा कैवारी करून टाकायची घाई नको. गोपालनच्या निकालानंतर आठवडाभरातच वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याचे दोन खटले निकाली निघाले. 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावरची बंदी आणि दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'वरची पूर्वतपासणी. एक साप्ताहिक डाव्यांचं, दुसरं संघाच्या विचारांचं. बहुमत पत्रांच्या बाजूने गेलं. फज्ल अली दोन्हींत सरकारच्या बाजूने, एकटे. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली तर राज्याची सुरक्षाही धोक्यात येते, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटत नाही. मात्र एक नजरेत भरतं: डाव्या पत्राला एक न्याय आणि उजव्याला दुसरा, असं त्यांनी केलं नाही. आणि ज्यांनी कम्युनिस्ट गोपालनसाठी एवढं लिहिलं त्यांनीच आठवड्याने कम्युनिस्टांकडे झुकणाऱ्या पत्राविरुद्ध लिहिलं. 'हा कुणाचा?' असं विचारणाऱ्यांची मोठीच पंचाईत.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध न्यायाधीश म्हणूनही आला. सोलापूरची कापड गिरणी बंद पडली आणि सरकारने ती ताब्यात घेतली, तेव्हा एका भागधारकाने आव्हान दिलं. तो कायदा टिकवणाऱ्या बहुमतात ते होते. त्याहून गमतीचा खटला १९५१ चा, मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याचा. बलसारा नावाच्या एका गृहस्थांनी तक्रार केली की व्हिस्की-ब्रँडी तर राहोच, या कायद्याने यूडी कोलोनची बाटली जवळ ठेवणंही गुन्हा झाला आहे. निकाल फज्ल अलींनी लिहिला. मुसलमान न्यायाधीश आणि दारूबंदीचा कायदा, म्हणजे निकाल कसा असेल ते वाचायच्या आधीच ठरवून टाकणारे तेव्हाही असतील. निकालात मात्र तराजू दिसतो. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार कायम. पण औषधं आणि अंगाला लावायच्या वस्तूंवरची बंदी गैरवाजवी, म्हणून ती कलमं रद्द. आणि गंमत बघा, युद्धनौका आणि लष्करी मेस यांना कायद्यात जी सवलत होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने पक्षपाती ठरवली होती. फज्ल अलींनी ती योग्य ठरवली. सैन्यातल्या माणसांचं जगणं वेगळं आहे, त्यांचा वेगळा वर्ग मानता येतो, असं त्यांनी म्हटलं. पाच वर्षांपूर्वी खलाशांच्या साक्षी ऐकलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक वाटतं. हा अर्थात आमचा तर्क.

पासष्टी पूर्ण झाली तशी १९५१ मध्ये निवृत्ती आली. काही महिने कामासाठी थांबवून घेतल्यावर १९५२ मध्ये त्यांना ओरिसाचे राज्यपाल केलं. आणि १९५३ च्या डिसेंबरात ते काम आलं ज्यामुळे आज त्यांचं नाव गाइडच्या पानावर आहे.

आयोगाकडे दीड लाखाहून अधिक निवेदनं आली. तिघे सदस्य अडतीस हजार मैल फिरले, एकशे चार ठिकाणी गेले, नऊ हजारांहून अधिक माणसांशी बोलले. सत्तरीकडे झुकलेल्या अध्यक्षांनी हे केलं. सोबत हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर. हे पणिक्कर म्हणजे हिंदी महासागराच्या इतिहासावर पुस्तक लिहिणारे. अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला आला आणि महाराष्ट्रात आग लागली. मुंबई राज्य द्वैभाषिक ठेवा, मराठवाडा त्यात जोडा, विदर्भ वेगळा काढा, असं त्यांनी सुचवलं. तेलुगू माणसाला राज्य, कन्नड माणसाला राज्य, मल्याळी माणसाला राज्य, आणि मराठी माणसाला मात्र जोडीदारासह संसार! फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. त्यातही आपल्या पश्चिम खानदेशातली तापीकाठची काही गावं गुजरातेत गेली ती गेलीच. आयोग इथे चुकला, हे आम्ही वर्गात स्पष्ट सांगतो. मुसलमान अध्यक्ष होते म्हणून सौम्य बोलायचं, असं आम्ही करत नाही. ते स्वतः तसं वागले नसते.

याच अहवालातल्या दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. बिहारचा बंगालशी आणि ओरिसाशी सीमेचा वाद होता. फज्ल अलींनी त्या प्रकरणात भागच घेतला नाही. बिहारशी आपला आयुष्यभराचा संबंध, तेव्हा आपण निवाडा करणं बरं दिसणार नाही, असं त्यांनी अहवालात नोंदवलं. बाकी दोघांनी ते काम केलं. दुसरी गोष्ट, हिमाचल प्रदेश पंजाबात विलीन करावा असं दोघा सहकाऱ्यांचं मत होतं. अध्यक्षांनी स्वतंत्र टिपण जोडून विरोध नोंदवला. सरकारने त्यांचं ऐकलं. म्हणजे अध्यक्ष असूनही त्यांना अल्पमतात बसायची सवय सुटली नव्हती.

आणि तिसरी एक गोष्ट, जी आमच्या स्वतःच्या भाकरीशी निगडित आहे आणि जी आम्हाला या वयापर्यंत ठाऊक नव्हती. भाषेवर राज्यं केली की प्रत्येक राज्यात दुसरी भाषा बोलणारे थोडे लोक उरणार, त्यांच्या मुलांचं काय? आयोगाने शिफारस केली की अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची हमी घटनेतच द्यावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आलं ते यातूनच. धुळ्याच्या, जळगावच्या, भुसावळच्या, मालेगावच्या उर्दू प्राथमिक शाळांना जेव्हा जेव्हा कुणी 'याची गरज काय' असं विचारतं, तेव्हा ज्या कलमाकडे बोट दाखवता येतं, ते हे. आम्ही डी.एड., बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवू लागलो, घर चालवलं, आणि फळ्यावर ते नाव लिहून पुढे जात राहिलो.

१९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते आसामचे राज्यपाल झाले. नागा टेकड्या तेव्हा धगधगत होत्या. २२ ऑगस्ट १९५९ ला पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मोकोकचुंगमध्ये निघालेल्या कॉलेजाला त्यांचं नाव आहे. बिहारचा मुसलमान न्यायाधीश, आणि त्याच्या नावाचं कॉलेज नागालँडच्या डोंगरात. तिथली मुलं 'फझल अली कॉलेज' म्हणताना हसत नसतील.

हे सगळं आम्ही विद्यार्थिनीला सांगितलं तेव्हा ती सर्वांत जास्त रमली कशात? कोर्ट मार्शलमध्ये. जज ॲडव्होकेटची खुर्ची तिच्या डोक्यात बसली. तिनेच मग माहिती काढली. पायदळात जज ॲडव्होकेट जनरल शाखेत कायद्याच्या पदवीधरांना घेतात, मुलींनाही. मुलांना जास्त जागा आणि मुलींना कमी, असं चाललं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. आरमारातही कायद्याची शाखा आहे, प्रशिक्षण केरळात एझिमलाला. आणि शिवाय लष्करी माणसांच्या नोकरीच्या तक्रारी ऐकायला २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईला; तिथे उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि लष्करातले निवृत्त अधिकारी शेजारी शेजारी बसतात. फज्ल अलींच्या चौकशी समितीसारखेच.

आम्ही तिला आणखी एक सांगितलं. २०२४ च्या ऑक्टोबरात दिलना आणि रूपा या आरमाराच्या दोन महिला अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि सगळ्या पृथ्वीला फेरी मारून मे २०२५ मध्ये परतल्या. एक रसद-पुरवठ्याच्या शाखेतली, दुसरी दारूगोळा तपासणीच्या. म्हणजे कचेरीतल्या कामाची माणसंही शीड उभारू शकतात.

परवा तिच्या घरी गेलो होतो. ती टेबलावर कागदपत्रं मांडून बसली होती. पदवीच्या गुणपत्रिका, जन्माचा दाखला, फोटो. अब्बू केळीच्या व्यापारात आहेत, ते शांतपणे सगळं बघत होते. त्यांना नोकरी समजली, पगार समजला, पण 'वकील माणूस जहाजावर काय करणार' हे काही समजेना. मग आम्ही त्यांना पुन्हा पहिल्यापासून १९४६ ची गोष्ट सांगितली, खड्यांच्या भातासकट. ते ऐकत राहिले. स्वयंपाकघरातून तिच्या अम्मीचा आवाज आला, "अगं, तुला जळगावहून पाचोऱ्याला जाताना एसटीत उलटी होते, समुद्रावर काय होईल तुझं?"

ती म्हणाली, "अम्मी, आधी फॉर्म तर भरू दे."